मेंढपाळाचा ‘पाय’



मागच्या रविवारी घरात जाहीर केलं, “आज शेफर्ड्स पाय करतेय.” आजीने चष्म्यावरून पाहिलं, “कोणाचा गं पाय?” “मेंढपाळाचा,” म्हटल्यावर तिने कानांना हात लावले! म्हणून आधीच सांगते, हा ‘पाय’ म्हणजे खिम्यावर कुस्करलेल्या बटाट्याचा थर देऊन भाजलेला इंग्रजी पदार्थ. खिमा मेंढीचा असेल तर शेफर्ड्स पाय, गोमांसाचा असेल तर कॉटेज पाय.

मी तो शिकले लीड्समध्ये. तिथे शिकायला असताना एका एकट्या राहणाऱ्या आजीबाईंकडे खोली घेतली होती. दर रविवारी त्या मेंढीची तंगडी ओव्हनमध्ये भाजत. पहिल्या सोमवारी म्हणाल्या, “कालच्या उरलेल्या मटणाचा पाय केलाय, ये जेवायला.” सराफ्यात गरमागरम गराडू खाऊन वाढलेली मी! कालचं कोरडं मटण पुन्हा तापवून खायचं? “पोट भरलंय,” अशी थाप मारली आणि वर जाऊन नूडल्स खाल्ले.

रात्री पाणी प्यायला खाली आले, तर टेबलावर माझी बशी दुसऱ्या बशीने झाकून ठेवलेली. शेजारी काटा-चमचासुद्धा. मला फार ओशाळल्यासारखं झालं. तिथेच उभ्याने, गारच खाल्लं. गार असूनही छान लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना खरं सांगून टाकलं. त्या हसल्या. म्हणाल्या, “अगं, लहानपणी सोमवार म्हणजे कपडे धुण्याचा दिवस. आईचा सगळा दिवस हाताने धुण्यात जायचा. मग रविवारचं उरलेलं मटण बारीक करायचं, वर बटाटा, की झालं जेवण.” मला एकदम आमच्या आजीची फोडणीची पोळी आठवली. ती काय, शिळी म्हणून कधी नाकारली होती मी? पुढच्या सोमवारपासून मटण बारीक करायचं काम माझं.

आता कृती. चार जणांसाठी अर्धा किलो खिमा घ्या. थोड्या तेलात एक मोठा कांदा आणि दोन गाजरं बारीक चिरून मऊ परता. खिमा घालून तांबूस होऊ द्या. मग एक चमचा मैदा, दोन चमचे टोमॅटो प्युरी, मीठ, मिरपूड, दीड कप पाणी किंवा मटणाचं सूप, आणि एक मोठा चमचा वूस्टर सॉस. बाटली उलटून वाचा, त्यात चिंच असते! म्हणजे आपलं आंबट तिथे आधीच पोचलेलं आहे. आपल्याकडचा बकऱ्याचा खिमा असेल तर मंद आचेवर पाऊण तास शिजवा. रस दाट हवा, पातळ नको. शिजलेलं उरलेलं मटण वापरलंत तर वीस मिनिटं पुरतात.

पाऊण किलो जुने बटाटे सोलून उकडा; नवे चिकट होतात. पाणी काढून दोन मिनिटं वाफ जाऊ द्या. मग पन्नास ग्रॅम लोणी आणि थोडं गरम दूध घालून हातानेच कुस्करा. मिक्सरला लावलंत तर खळ तयार होईल!

खिमा भांड्यात पसरून थोडा निवू द्या, नाहीतर बटाटा आत बुडतो. बटाटा आधी कडेने लावा, मग मध्ये, म्हणजे रस उतू येत नाही. वर काट्याने रेघा ओढा. त्या रेघांचे उंचवटेच कुरकुरीत होतात. २०० अंशांवर अर्धा तास, वरून सोनेरी होईपर्यंत भाजा.

रविवारी आजीने एक घास खाल्ला, मग दुसरा. “खिमाच की हा! उगाच पाय-बिय म्हणता,” असं म्हणत पुन्हा वाढून घेतलं.

दादा कामावरून उशिरा येणार होता. त्याच्या वाटणीचा वाढून ठेवला आणि वर दुसरी ताटली झाकली. झाकताना लीड्सच्या आजीबाई आठवल्या. रात्री त्यांना फोन केला. पहिला प्रश्न आला, “रेघा काढल्यास ना?”

काढल्या होत्या. तुम्हीही काढा, आणि कसा झाला ते कळवा. भेटूया पुढच्या महिन्यात!