विश्लेषण : प्लास्टिक, कीटकनाशके आणि स्तनांचा कर्करोग… ‘किती’पेक्षा ‘कधी’ हा प्रश्न महत्त्वाचा का?

बोस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठात १९८०च्या दशकाच्या अखेरीस एक विचित्र प्रकार घडला. ॲना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन हे संशोधक स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर प्रयोग करत होते. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक दिले, तरच वेगाने वाढणाऱ्या या पेशी इस्ट्रोजेनविनाच वाढू लागल्या. शोध घेतल्यावर दोषी सापडल्या त्या प्रयोगशाळेतील प्लास्टिकच्या नळ्या. त्यांतून झिरपणारे नोनिलफेनॉल हे रसायन इस्ट्रोजेनचे सोंग घेत होते.

संप्रेरकांची नक्कल कशी होते?

संप्रेरक म्हणजे रक्तातून फिरणारा निरोप. पेशीवरील ठरावीक ग्राहीला तो चिकटला, की पेशी त्यानुसार वागते. इस्ट्रोजेनचा निरोप स्तनातील पेशींना विभाजनाचा आदेश देतो. काही रसायनांची रचना अशी असते, की ती याच ग्राहींना चिकटतात किंवा संप्रेरकांच्या निर्मितीत ढवळाढवळ करतात. पेशी जितक्या जास्त वेळा विभागतात, तितकी जनुकीय चुका होण्याची शक्यता वाढते. कडक प्लास्टिक, खाद्यपदार्थांच्या डब्यांचे आतले अस्तर आणि दुकानातील थर्मल पावत्या यांतील बिस्फेनॉल-ए (बीपीए), मऊ प्लास्टिक व सुगंधी प्रसाधनांतील थॅलेट्स, काही कीटकनाशके ही अशा रसायनांची उदाहरणे.

माणसांमधील पुरावा काय?

सर्वांत ठोस उदाहरण एका औषधाचे आहे. डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल (डीईएस) हे कृत्रिम इस्ट्रोजेन गर्भपात टाळण्यासाठी अमेरिकेत लाखो गर्भवतींना दिले गेले. १९७१ मध्ये त्याविरुद्ध इशारा देण्यात आला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गर्भात असताना या औषधाच्या संपर्कात आलेल्या मुलींना चाळिशीनंतर स्तनांच्या कर्करोगाचा धोका सुमारे १.८ पट आढळला. गोळ्या आईने घेतल्या, किंमत मुलीने मोजली.

डीडीटीची कथा काय सांगते?

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडमधील अभ्यासात कर्करोगग्रस्त महिलांच्या रक्तातील डीडीटीच्या अंशाचा आजाराशी संबंध आढळला नाही. मात्र त्यात आजार झाल्यानंतरचे रक्त तपासले होते. कॅलिफोर्नियात १९५९ ते १९६७ दरम्यान प्रसूत झालेल्या महिलांचे रक्तनमुने जपून ठेवले होते. त्यावरील २००७च्या अभ्यासात वेगळेच चित्र दिसले. ज्यांचा डीडीटीशी संपर्क वयाच्या चौदाव्या वर्षाआधी आला आणि ज्यांच्या रक्तात त्याचे प्रमाण जास्त होते, त्यांना पन्नाशीआधी हा कर्करोग होण्याचा धोका पाचपट होता. चौदाव्या वर्षानंतर संपर्क आलेल्यांमध्ये तो वाढलेला नव्हता. अभ्यास लहान होता, कर्करोगाचे रुग्ण १२९. तरीही गर्भावस्था आणि वयात येण्याचा काळ हे स्तनाच्या जडणघडणीचे टप्पे सर्वाधिक नाजूक, हा त्याचा रोख डीईएसच्या अनुभवाशी जुळतो.

पुरावा अपुरा का राहतो?

बीपीएसारखी रसायने एका दिवसात लघवीवाटे निघून जातात. आजच्या तपासणीवरून वीस वर्षांपूर्वीच्या संपर्काचा हिशेब मांडता येत नाही. शिवाय माणूस एकाच रसायनाच्या नव्हे, अनेकांच्या एकत्रित संपर्कात असतो. म्हणूनच ‘अमुक डब्यामुळे कर्करोग होतो’ असे म्हणणे चुकीचे. पण ‘सिद्ध झाले नाही’ याचा अर्थ ‘सुरक्षित आहे’ असाही होत नाही.

भारतात काय स्थिती?

ग्लोबोकॅनच्या २०२२च्या अंदाजानुसार भारतात वर्षभरात स्तनांच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि ९८ हजार महिलांचा मृत्यू झाला. डीडीटीच्या शेतीतील वापरावर १९८९ मध्ये बंदी आली, पण हिवताप-नियंत्रणासाठीची फवारणी पुढेही चालू राहिली. रायगड जिल्ह्यातील रसायनीच्या सरकारी कारखान्यातही डीडीटी तयार होत असे. बाळाच्या प्लास्टिक बाटल्यांसाठीच्या भारतीय मानकात बीपीएला मनाई आहे, पण बाटली सुटून डबा सुरू झाला की हे संरक्षण विरळ होते. युरोपीय महासंघाने डिसेंबर २०२४ मध्ये खाद्यसंपर्कातील साहित्यात बीपीएवर बंदी घालण्याचा निर्णय घेतला.

जबाबदारी कोणाची?

गरम अन्न प्लास्टिकमध्ये न ठेवणे, भाज्या नीट धुणे हे सोपे उपाय जरूर करावेत. मात्र सगळा भार गृहिणीच्या खरेदीवर टाकणे अन्यायाचे आहे. ‘बीपीए-फ्री’ डब्यात बीपीएचेच भावंड असलेले बिस्फेनॉल-एस असू शकते, हे तिला लेबलवरून कळणार कसे? रसायनांना परवानगी देताना गर्भावस्थेतील व किशोरवयातील परिणाम तपासणे, एकाच कुळातील रसायनांवर एकत्रित नियम करणे आणि घटक जाहीर करायला लावणे, हे सरकारचे काम आहे.

या भीतीपोटी तपासणीकडे दुर्लक्ष होऊ नये. टाटा मेमोरियलच्या मुंबईतील वीस वर्षांच्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी नियमित स्तनतपासणी केलेल्या पन्नाशीपुढील महिलांमध्ये या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. तपासणी आजच्या महिलांना वाचवते. आज गर्भात असलेल्या मुलींसाठी नियम आताच लागतील, कारण त्यांच्याबाबतचा पुरावा हाती येईपर्यंत त्या चाळिशी ओलांडलेल्या असतील.