दाराच्या तळाची भोकं

गेल्या रविवारी सकाळी ठाण्यात जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचा मेळावा झाला. त्यात दोन प्रीमियर पद्मिनी शेजारी शेजारी उभ्या होत्या, दोन्ही १९८६ सालच्या. एक लालभडक, तोंड दिसावं इतकी चकचकीत, बंपरला नवं क्रोम, आत कोरी सीट कव्हरं. दुसरी फिकट करडी. तिच्या डाव्या मागच्या दाराचा रंग बाकीच्या गाडीशी जुळत नव्हता आणि बोनेटवर उन्हाने उडालेला पट्टा तसाच होता. लाल गाडी एका गॅरेजमधून ‘पूर्ण रिस्टोअर’ होऊन आली होती. करडी गाडी डोंबिवलीच्या एका निवृत्त शिक्षिकेने आणि त्यांच्या भाच्याने घरी उभी केली होती. उत्कृष्ट जीर्णोद्धाराचा करंडक लाल गाडीला मिळाला.

निर्णय चुकला. परीक्षकांनी एकदा खाली वाकून पाहिलं असतं तर तो चुकला नसता.

या स्तंभाच्या नेहमीच्या वाचकांना चुंबकाचा धडा पुन्हा द्यायला नको. फडक्यात गुंडाळलेलं छोटं चुंबक, मालकाची परवानगी घेऊन दारांखालच्या लांब पट्टीवरून फिरवायचं, बस. करड्या गाडीवर ते पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत घट्ट चिकटून राहिलं. लाल गाडीवर मागच्या चाकाच्या अलीकडे वीतभर जागेत ते सरळ गळून हातात आलं. तिथे पत्रा नव्हताच, होती ती लांबी, म्हणजे पुट्टी, आणि तीही चांगली जाड थापलेली. गाडीचे मालक गोरेमोरे झाले. त्यांचा यात काही दोष नाही. त्यांनी पैसे मोजले होते आणि विश्वास ठेवला होता.

पण चुंबकापेक्षा जास्त सांगून गेली ती दारांच्या तळाची भोकं. खिडकीच्या काचेवर पडलेलं पावसाचं पाणी काचेलगतच्या रबराच्या फटीतून दाराच्या पोकळीत उतरतंच. कुठल्याही गाडीत उतरतं. ते निघून जावं म्हणून कारखानाच दाराच्या तळाला छोटी भोकं ठेवतो. करड्या गाडीची ही भोकं मोकळी होती, कडांना ग्रीसचा काळा लेप होता. ‘‘आत्या दर वर्षी जून लागायच्या आत छत्रीची तार घालून ती साफ करते,’’ भाचा सांगत होता. ‘‘मला हात लावू देत नाही. म्हणते, तू घाईत रंग खरवडतोस.’’ लाल गाडीच्या दारांना भोकं सापडलीच नाहीत. लांबी भरताना ती बुजली, वर रंग बसला आणि तळ सलग, गुळगुळीत झाला. पहिल्याच पावसात चारही दारांत पाणी साठेल. ते आतून पत्रा खात राहील आणि बाहेरच्या रंगावर पहिला फोड दिसेल तोवर दाराची खालची कड बोटांनी मोडता येईल.

इतक्या बारीक जागेत दोन गाड्यांमधला सगळा फरक दिसतो. घरी काम करणाऱ्याला ठाऊक असतं की पुढच्या पावसाळ्यात, आणि त्याच्याही पुढच्या, ही गाडी आपल्याच दारात उभी असणार. बाहेरून काम करून देणाऱ्या पुष्कळांना ती फक्त ताबा देण्याच्या दिवसापर्यंत चांगली दिसायला हवी असते. सगळी गॅरेजेस अशी नाहीत, पण करंडक कशाला मिळतो ते पाहून कामं ठरत असतील तर चांगल्या गॅरेजचाही धीर सुटेल.

पद्मिनीच्या बाबतीत पत्र्याऐवजी लांबी भरण्याची ही चूक केवळ दिसण्याची राहत नाही. ही मुळात इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती कुर्ल्याच्या कारखान्यात बांधली, आणि १९७४ पासून ती पद्मिनी या नावाने रस्त्यावर आली. जीपसारखी वेगळी चासी तिला नाही. जमिनीचा पत्रा, दारांखालच्या पोकळ पट्ट्या, खांब आणि छत मिळूनच तिचा सांगाडा होतो. पुढच्या स्प्रिंगा, मागचे पाटे, इंजिनाचं ओझं, सगळं अखेर याच पत्र्यावर येतं. लांबी सुकली की हाताला दगडासारखी लागते, पण ती ओझं पेलत नाही, उलट ओल धरून ठेवते. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो आतल्या आत फुगतो आणि लांबीला पत्र्यापासून सोडवतो. लाल गाडी खड्ड्यात जोरात आदळली तर काय होईल याचा विचार तिच्या मालकांनी तातडीने करायला हवा.

करड्या गाडीचं काम मुरबाडजवळ आत्यांच्या जुन्या घराच्या अंगणात झालं, दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्यांत. इमारतीच्या पार्किंगमध्ये वेल्डिंग करता येत नाही आणि करूही नये. सुरुवातीला बॅटरी काढली, पेट्रोलची टाकी उतरवून लांब नेऊन ठेवली. मग सीटा, रबरी मॅट आणि मॅटखालचं डांबरी अस्तर. पावसाळा संपून महिने झाले तरी अस्तर ओलं होतं, आणि त्याच्याखाली, चालकाच्या पायाशी, स्क्रू ड्रायव्हरचं टोक सहज आरपार गेलं.

पुढचं काम मात्र नवशिक्यांनी लक्षपूर्वक वाचावं. गंजलेली पट्टी कापण्याआधी त्यांनी दाराच्या चौकटीत एक लोखंडी पाइप आडवा टाके मारून बसवला. हे राहिलं तर पट्टी कापल्यावर गाडीचं पोट किंचित खाली बसतं आणि नवी पट्टी जोडल्यानंतर दार पुन्हा कधीच धड लागत नाही. गाडी घोड्यांवर चढवली आणि गवंडी वापरतात ती पाण्याची नळी घेऊन चारी कोपऱ्यांची पातळी जुळवली. गंजलेला भाग थेट चांगल्या पत्र्यापर्यंत कापला, पुठ्ठ्याचा नमुना बनवला आणि त्याबरहुकूम नवा पत्रा कापून वाकवला. वेल्डिंगला गावातला फॅब्रिकेटर आला. खिडक्यांच्या जाळ्या नि फाटकं करणारा माणूस, सलग शिवण ओढायची सवय. आत्यांनी त्याला थांबवलं. पातळ पत्र्याला एका टोकाला टाका मारायचा, मग समोरच्या टोकाला, मधे थंड होऊ द्यायचं; सलग ओढलं की उष्णतेने पत्रा वेडावाकडा होतो. कंटाळवाणं काम आहे. जोड पूर्ण झाल्यावर सीलंट, त्यावर रेड ऑक्साइड, आणि पट्टीच्या पोकळीत पातळ ग्रीस. रंग सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशांत. म्हणून एक दार जुळत नाही.

इंजिनाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं हे इंजिन बोनेट उघडलं की सगळं हाताशी येतं. कार्बोरेटर खोलून धुणं, टॅपेट बघणं, पॉइंटची अर्ध्या मिलिमीटरहून कमी असलेली फट फीलर गेजने जुळवणं, एवढं कुणीही धीर धरून शिकू शकतं. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे, आणि या गाड्यांच्या मूळ रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. त्या चिरण्याची वाट न बघता बदलाव्यात. ब्रेकचं काम मात्र आत्यांनी मिस्त्रीकडून करून घेतलं आणि ते शहाणपणाचं होतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, उभ्या गाडीत मास्टर सिलिंडर आतून गंजतो, आणि तिथली चूक रस्त्यावरच कळते. घरी गाडी करायची म्हणजे सगळं आपल्याच हाताने करायचं, असा हट्ट कुणी धरू नये.

आता आवरणाचा विषय. तो इथे पुन्हा आला म्हणून काही वाचक वैतागतील, पण मेळाव्यात निम्म्या गाड्या प्लास्टिकच्या चादरी डिकीत घेऊन आल्या होत्या. ओल्या गाडीवर प्लास्टिक घातलं की आतलं पाणी वाफ होऊन त्याच चादरीच्या आतल्या बाजूला थेंब होऊन जमतं आणि पुन्हा पत्र्यावर ठिबकतं. मुंबई-ठाण्याच्या खाऱ्या हवेला सगळे दोष देतात. या स्तंभाच्या मते प्लास्टिकची चादर त्याहून जास्त गाड्या खाते. याला मोजमाप नाही, नजरेखालून गेलेल्या गाड्यांवरून बनलेलं हे मत आहे, आणि ते ठाम आहे. छप्पर मिळत नसेल तर सुती चादर घाला, तीही गाडी कोरडी असताना. आणि गाडी चालवा.

उभं राहण्याने गाडीचं काय होतं याचं उदाहरण सगळ्या देशाला ठाऊक आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली इंडियन एअरलाइन्सचे कर्मचारी हरपाल सिंग यांच्या हाती दिली. २०१० मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत ती गाडी त्यांच्याकडेच होती. नंतर ती दिल्लीत घराबाहेर उभी राहिली आणि तिथेच सडत गेली. पुढे कंपनीने ती मूळ रूपात आणून आपल्या मुख्यालयात ठेवली, हे उत्तम झालं. पण सत्तावीस वर्षं एका घरात टिकलेल्या गाडीची ती दशा काही थोड्या पावसाळ्यांनी केली.

सरकारी नियमांना चकचकीत गाडी आणि शाबूत गाडी यांतल्या फरकाशी देणंघेणं नाही. खासगी मोटारीच्या पुनर्नोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झालं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते १०,००० करण्यात आलं. लाल गाडीला तेवढंच, करडीलाही तेवढंच. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळा दर्जा आणि ‘व्हीए’ मालिकेचे क्रमांक दिले, पण अशी गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. १९८६ ची पद्मिनी मधेच अडकते. रोज वापरणारी, नीट राखणारी माणसं या मधल्या पट्ट्यात सर्वात जास्त आहेत, असा या स्तंभाचा अंदाज आहे. वय बघून शुल्क वाढवणाऱ्यांनी गाडी उचलून तिचा तळही बघावा, आणि ज्याचा तळ शाबूत त्याला शुल्कात सूट द्यावी.

त्यात सुटे भाग आटत चालले आहेत. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. हळहळ सगळ्यांनी व्यक्त केली, पण खासगी मालकांचं खरं नुकसान वेगळंच होतं. किंगपिन, बुश, क्लच प्लेट हा माल कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि पुण्याच्या नाना पेठेत खपायचा तो टॅक्सीवाल्यांच्या जिवावर. आता दुकानदार तो मागवायला कचरतात, आणि पद्मिनीचा हात बसलेले मिस्त्री निवृत्त होत आहेत. अशा वेळी फॅब्रिकेटरला टाका कसा मारायचा ते समजावून सांगणाऱ्या शिक्षिका ही मोठी ठेव आहे. त्यांना करंडक न देणं म्हणजे त्यांच्यासारख्या पन्नास जणांना ‘रंग मारा आणि या’ असं सांगणं.

आत्यांच्या मोबाइलमध्ये प्रत्येक टप्प्याचे फोटो आहेत. भोक पडलेला तळ, कापलेली पट्टी, उघडा जोड, रेड ऑक्साइड, मग रंग. लाल गाडीच्या मालकांना गॅरेजने फक्त शेवटचा फोटो दिला होता. तेव्हा जुनी गाडी ‘रिस्टोअर केलेली’ म्हणून कुणी विकायला आणली, किंवा तुमची गाडी कुणाच्या हवाली करायची वेळ आली, तर लांबी भरण्याआधीच्या उघड्या पत्र्याचे फोटो मागा. मिळत नसतील तर व्यवहार करू नका. आणि मेळाव्यांच्या आयोजकांना विनंती: पुढच्या वेळी परीक्षकांच्या हातात एक चुंबक आणि एक टॉर्च द्या, आणि गुण लिहिण्याआधी त्यांना प्रत्येक दार उघडून तळ बघायला लावा.