घोड्याला चालणारेच औषध द्या : माथेरानच्या अश्वपालकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. आयुक्त, पशुसंवर्धन, महाराष्ट्र राज्य
मा. मुख्याधिकारी, माथेरान गिरिस्थान नगरपरिषद

विषय : घोड्यांवरील माशीनाशक फवारणीची सुरक्षितता

महोदय,

माथेरानात मोटारी दस्तुरी नाक्याला थांबतात आणि तिथून पुढे आमचे घोडे पर्यटकांना घेऊन चालतात. पावसाने उघडीप दिली की गोमाश्या आणि तबेल्यातल्या चावऱ्या माश्या जनावराला जगू देत नाहीत. घोडा पाय आपटत राहतो, तोबऱ्यातली चंदी अर्धी टाकतो. कड्याजवळच्या वाटेवर पाठीवर लहान मूल असताना माशी डसून घोडा उसळला, तर काय होईल हे वेगळे सांगायला नको. शिवाय गोमाशी एका जनावराच्या रक्तातून दुसऱ्यात सर्रा हा रोग नेते. ग्रिफिथ एव्हान्स यांनी १८८० मध्ये त्या वेळच्या पंजाबात घोड्या-उंटांच्या रक्तात या रोगाचे परजीवी शोधले. म्हणजे धोका जुना आहे आणि ओळखीचाही आहे. फवारणी बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. ती लागतेच. पण आम्ही काय फवारतो, हे आम्हालाच नीट कळत नाही आणि तक्रार आहे ती याचीच.

पायथ्याच्या एका दुकानात आमच्या एका सभासदाने घोड्यासाठी माशीचे औषध मागितले. त्याला गुरांच्या गोचिडाचे औषध मिळाले. त्यात अमिट्राझ होते. गाईम्हशींवर ते सर्रास वापरतात. घोड्याच्या आतड्याची हालचाल मात्र ते मंदावते. दुसऱ्या दिवशी घोड्याने लीद टाकली नाही. तो मान वळवून कुशीकडे बघत होता, पुढच्या पायाने जमीन उकरत होता, खाली बसून पुन्हा उठत होता. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात साचलेले वर येऊन सुटका होण्याचाही मार्ग नाही. जनावर वाचले ते डॉक्टर वेळेत पोहोचले म्हणून. बाटलीवर इशारा होता, पण बारीक इंग्रजी अक्षरांत.

म्हणून पहिली मागणी : अमिट्राझ असलेल्या प्रत्येक औषधावर ‘घोड्यांसाठी नाही’ हे ठळक मराठीत आणि चित्रासह छापले जावे, यासाठी विभागाने पाठपुरावा करावा. तोवर तालुक्यातल्या प्रत्येक पशुऔषध दुकानात तसा फलक लावावा. कीटकनाशकांच्या डब्यावर १९७१ च्या नियमांनुसार लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. पण त्यावरून विषाची तीव्रता कळते. कोणत्या जनावराला काय चालत नाही, हे कळत नाही.

दुसरी मागणी आमच्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. घोड्याच्या अंगावर वापरता येणाऱ्या औषधांची यादी आणि पाण्यात मिसळण्याचे प्रमाण विभागाने मराठीत लेखी द्यावे. पर्मेथ्रिन, सायपरमेथ्रिन या गटातली औषधे योग्य प्रमाणात घोड्याला सहसा सोसतात. पण भिंतीवर मारायचे तीव्र द्रावण आणि अंगावर मारायचे सौम्य द्रावण यांत मोठा फरक आहे. आज तबेल्यात माप म्हणजे बाटलीचे झाकण, आणि प्रत्येक बाटलीचे झाकण वेगळे. कसे वापरायचे, हेही त्या पत्रकात हवे : आधी खरारा, घाम वाळल्यावर फवारा, खोगीर आणि तंगाखालची जागा मोकळी, कारण तिथे घाम आणि घर्षणाने कातडी भाजल्यासारखी होते. डोळे, नाकपुड्या आणि उघड्या जखमा टाळायच्या. तोंडावर फवारा मारायचा नाही, कापड ओलवून पुसायचे. नवे औषध आधी मानेवर तळहाताएवढ्या जागी लावून चोवीस तास वाट पाहायची. गाभण घोडी आणि शिंगरू यांच्यासाठी डॉक्टरला विचारल्याशिवाय काहीच नाही. दोन औषधे एकत्र करून मारण्याची सवय तर बंदच व्हायला हवी. औषध कालवणाऱ्याला हातमोजे हवेत, आणि फवारलेला घोडा वाळेपर्यंत पर्यटकाला देऊ नये, हा नियम आम्ही स्वतः पाळू.

डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकावर केंद्राच्या २०१८ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. कुठे फळीवर जुन्या बाटल्या उरल्या असतील, तर त्या जमा करून न्यायची सोय करावी.

पर्मेथ्रिन गटातली औषधे माशांना आणि पाण्यातल्या जिवांना फार घातक असतात. शार्लोट तलावाच्या पाणलोटात घोडे धुणे आणि फवारणीचे पंप विसळणे थांबवायचे, तर दुसरीकडे पाण्याची जागा द्यावी लागेल. ती नगरपरिषदेने ठरवून द्यावी.

माशी मुळात कमी झाली, तर बाटलीही कमी लागेल. चावरी माशी ओल्या लिदीत, मुताने भिजलेल्या गवतात वाढते. उबदार हवेत अंड्यापासून माशी व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. त्याआधी ढीग हलला, तर ती पिढी तिथेच संपते. मोटारबंदी असलेल्या गावात लीद डोक्यावरून किंवा हातगाडीने न्यावी लागते, हे आम्ही जाणतो. तबेल्यातून रोज लीद बाहेर काढणे हे आमचे काम. ती आठवड्यातून निदान दोनदा उचलणे आणि झाकलेल्या खड्ड्यात किंवा गोबरगॅस संयंत्रात नेणे, हे नगरपरिषदेकडून हवे आहे.

पावसाळ्यानंतर प्रत्येक घोड्याची सर्रासाठी रक्ततपासणी व्हावी. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या तज्ज्ञांकडून मोतद्दारांना वर्षातून एकदा तबेल्यातच प्रशिक्षण मिळावे. सभागृहातल्या भाषणाने हे काम होणार नाही.

या मागण्यांवर दिवाळीच्या हंगामापूर्वी माथेरानातच बैठक घ्यावी. तबेल्यांतल्या सगळ्या बाटल्या आम्ही त्या बैठकीत टेबलावर मांडू; कोणती ठेवायची आणि कोणती टाकायची, हे आपल्या डॉक्टरांनी आमच्यासमोर सांगावे.

आपले विश्वासू,
माथेरानच्या अश्वपालक संघटनेच्या वतीने