परसदारी : पाषाणभेद आणि किटलीचा थर



कढीपत्ता थंडीत कसा जगवावा, हे या खेपेस लिहायचे कबूल केले होते. पण मध्यंतरी आम्ही चक्क व्याख्याते झालो, त्यामुळे आधी ती हकीकत.

इथल्या बागकाम क्लबांना दर महिन्याला एक वक्ता लागतो. संध्याकाळी साडेसातला गावचा हॉल, तीसेक खुर्च्या, चहा-बिस्किटे आणि शेवटी सोडत. आम्हाला खडकांत वाढणाऱ्या डोंगरी रोपांचा, म्हणजे आल्पाइन्सचा, नाद आहे ही बातमी शेजारच्या आजोबांनी क्लबच्या सेक्रेटरीबाईंना पोचवली आणि बोलावणे आले. मानधन पेट्रोलपुरते. सौ. म्हणाल्या, "प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला एवढे घाबरला नव्हतात!" खरेच होते ते. ज्या देशात आल्पाइन गार्डन सोसायटी १९२९ पासून चालू आहे आणि रेजिनाल्ड फॅररचे १९१९ सालचे 'द इंग्लिश रॉक गार्डन' लोकांच्या कपाटात असते, तिथे अंबरनाथच्या चाळीत वाढलेल्या आम्ही खडकातली रोपे शिकवायची!

मग ठरवले, आपल्याला येते तेच सांगावे. रसायनशास्त्र.

सॅक्सिफ्रेजच्या काही जातींच्या पानांच्या कडेला पांढरे ठिपके असतात, चांदीची किनार लावल्यासारखे. तो चुना. चुनखडीच्या जमिनीतून मुळे पाणी ओढतात, त्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेले असते. पानाच्या कडेच्या सूक्ष्म छिद्रांतून ते पाणी झिरपते, सुकते, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट उरते. आपल्या किटलीच्या बुडाला बसतो तोच हा थर! आम्ही पानावर लिंबाचा थेंब टाकला आणि भिंगातून बुडबुडे दाखवले. मंडळी रांग लावून आली. एक आजोबा तर दोनदा.

सॅक्सिफ्रेजचा लॅटिन अर्थ 'दगड फोडणारा'. आपल्याकडे मुतखड्यावर देतात तो पाषाणभेद याच कुळातला. त्याचेच भाऊबंद बर्जेनिया या नावाने इथल्या बागांत दिसतात. पाने केवढी मोठी! लोक त्यांना हत्तीचे कान म्हणतात. दोन भाषांनी एकाच कुळाला एकच नाव दिले, हे ऐकून हॉलमध्ये चांगली खसखस पिकली.

इथवर ठीक होते. पुढे सांगितले की ही रोपे थंडीने मरत नाहीत, ओलीने मरतात. डोंगरावर बर्फाखाली ती कोरडी झोपतात, इथे मात्र चार महिने रिपरिप. म्हणून मातीत निम्मी खडी घाला, रोपाच्या गळ्याशी खडीचा थर द्या, हिवाळ्यात वर काच ठेवा. आणि बोलण्याच्या भरात म्हणून गेलो, "नळाचे पाणी खुशाल घाला, चुना यांना मानवतो."

मागच्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला. वय ऐंशीच्या घरातले. "जेन्शियाना सायनो-ऑर्नाटालाही?"

आम्ही गप्प. युनानमधून आलेले, शरद ऋतूत निळेभोर फुलणारे हे रोप आम्ही दोन वर्षे नळाच्या पाण्यावर पोसले होते. पाने पिवळी पडली, रोप गेले, आणि आम्ही नर्सरीवाल्याला दोष देत बसलो. चुन्याच्या जमिनीत लोह विरघळत नाही, म्हणून पाने पिवळी पडतात. हे आम्ही परीक्षेत लिहिलेले, बागेत मात्र आठवले नाही! सर्वांसमक्ष कबूल केले. बाई हसल्या आणि निघताना आपल्या कुंडीतला एक फुटवा कागदात गुंडाळून देते म्हणाल्या.

चहाच्या वेळी सेक्रेटरीबाई हळूच म्हणाल्या की बहुतेक सभासद सत्तरीपुढचे, कमिटीवर यायला कोणी तयार नाही, वसंतात क्लब बंद करावा लागेल. तुम्ही याल का? आम्हाला आपल्या गणपतीच्या रात्री आठवल्या. मोदकांना दोनशे पाने आणि खुर्च्या रचायला चौघे. सौं.नी डोळे वटारले, तरी आम्ही हो म्हणालो. त्यामुळे मंडळाच्या कार्यकारिणीची मंगळवारची बैठक आता बुधवारी घ्यावी, ही विनंती.

फुटवा आला आहे. त्याला पिंपातले पावसाचे पाणी घालतो. तुमचा कढीपत्ता पिवळा पडत असेल तर तेच घालून पाहा, बाकीचे पुढच्या अंकी.