गळक्या सूटवर ‘सुस्थितीत’चा शिक्का

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा वाचायला मिळते आहे. पाण्यात उतरल्यावर थोड्याच वेळात मनगटाशी ओल लागते, वर आल्यावर मोजे पिळून काढावे लागतात, आणि नोंदवहीत त्याच ड्रायसूटपुढे ‘सुस्थितीत’ असा शिक्का असतो. ही पत्रे नवशिक्यांची नाहीत. बंदरातले धक्के, सांडपाण्याचे आउटफॉल, पंपिंग स्टेशनच्या इनटेक विहिरी अशा ठिकाणी डोळ्यांपुढे काहीही दिसत नसताना निव्वळ हाताच्या अंदाजाने काम करणारी ही माणसे आहेत. सूट कुठे आणि कसा गळतो हे त्यांना कोणी शिकवायला नको.

त्यात एका वाचकाने ताजे परिपत्रक पाठवले आहे. ते काढणाऱ्या कार्यालयाच्या लेखी ड्रायसूट म्हणजे ‘एक नग’ जडवस्तू, आयुष्य पाच वर्षे. वर्षातून एकदा पुरवठादाराकडून हवाबंद असल्याचे प्रमाणपत्र घ्यायचे. प्रमाणपत्राची मुदत चालू असेपर्यंत सूटच्या कुठल्याही भागाची वेगळी खरेदी मंजूर होणार नाही. नेक सील फाटले तर अख्खा सूट निर्लेखित करावा लागेल, आणि पाच वर्षे भरल्याखेरीज निर्लेखनाचा प्रस्ताव स्वीकारला जाणार नाही. लॅटेक्सचे सील नियमित वापरात साधारण एक ते दोन वर्षे पुरते, आपल्या उन्हात त्याहूनही लवकर जाते. मग उरलेली किमान तीन वर्षे डायव्हरने काय गळ्याला बांधून उतरायचे? उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. पंक्चरवाल्याचे सोल्यूशन आणि ट्यूबचा तुकडा. या परिपत्रकाने हीच दुरुस्तीची अधिकृत पद्धत करून टाकली आहे.

वार्षिक प्रमाणपत्राला आमचा विरोध नाही. पण ते कशाचे असते हे एकदा नीट पाहू. दोन्ही रिस्ट सीलमध्ये रुंद बाटल्या सरकवतात, गळ्यात चेंडू बसवतात, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून इन्फ्लेटरने हवा भरतात आणि साबणाचे पाणी ब्रशने फिरवतात. गुडघ्यावर, जांघेतल्या सांध्यावर, झिपच्या दोन्ही टोकांशी, व्हॉल्व्हच्या बुडाशी बारीक फुग्यांची रांग उठली की खडूने खूण करायची. सूटचे अंग, झिप आणि व्हॉल्व्ह तपासायला ही पद्धत उत्तम आहे, आणि प्रत्येकाने ती स्वतः करावी. मात्र सील नेमके कसे बसते हे या चाचणीत तपासलेच जात नाही. बाटली गोल आणि गुळगुळीत असते. मनगट तसे नसते. पाना घट्ट आवळला की मनगटाच्या आतल्या बाजूच्या कंडरा ताठ होतात, त्यांच्या कडेला खाच पडते आणि त्या खाचेतून पाणी आत सरकते. नेक सील तर माणसागणिक कापून घ्यायचे असते. जाड मानेच्या डायव्हरसाठी दोन रिंगा जास्त कापलेले सील बारीक मानेच्या डायव्हरला कधीच धरणार नाही. तरीही अनेक ठिकाणी एकच सूट तिघा-चौघांत फिरतो आणि चौघांसाठी प्रमाणपत्र एकच. ते प्रमाणपत्र बाटलीला आणि चेंडूला मिळालेले असते, माणसाला नाही.

गळतीचा शोधही असाच वरवर घेतला जातो. मोजा भिजला की भांडारातून बुटाला पॅच मारून मिळतो. पाणी कुठूनही शिरले तरी शेवटी बुटातच उतरते, हे लक्षात कोण घेणार? उभ्या डायव्हरच्या सूटमधली हवा खांद्यांकडे चढते. खांद्याला छिद्र असेल तर तिथून बुडबुडे निघतात, पाणी फारसे येत नाही. पायांशी बाहेरच्या पाण्याचा दाब आतल्या हवेपेक्षा जास्त असतो, तिथे टाचणीएवढे छिद्रही पाणी घेते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या डायाफ्रामखाली वाळूचा कण किंवा आतल्या कपड्याचा एक धागा अडकला तरी दंडापासून कुशीपर्यंत ओल येते, आणि तिथे पॅचचा काही उपयोग नसतो. घामाची गोष्ट वेगळी. आपल्या कोमट समुद्रात व्हल्कनाइज्ड रबरच्या सूटमध्ये घाम येणारच, पण तो पाठ आणि छातीवर सारखा पसरलेला असतो. गळतीचा डाग एका जागी सुरू होतो आणि तिथून ओघळ धरतो. म्हणून सूट उतरवताच, कपडे बदलण्याआधी, आतल्या कपड्यांवर हात फिरवून पाहा. पाणी खारे आहे का ते जिभेला लावून पाहण्याची जुनी सवय मात्र कायमची सोडा.

कारण आपले पाणी कोणते हे विसरता येत नाही. थंड देशांत सूट गळला तर डायव्हर गारठतो आणि डाइव्ह अर्धवट सोडून वर येतो. आपण ड्रायसूट घालतो तो बहुतेक वेळा घाणीपासून वाचायला. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसचा उद्रेक मुंबईने पाहिला आहे. त्याचा जंतू खरचटलेल्या, भिजून मऊ पडलेल्या त्वचेतून शरीरात शिरतो, आणि गळका सूट तासभर नेमकी तशीच त्वचा तयार करून देतो. हिपॅटायटिस ए आणि टायफॉइड आहेतच. काही दिवसांनी ताप चढलेल्या डायव्हरची नोंद ‘आजारी, रजा’ अशी होते. ती सूटच्या पानावर कोणी लिहीत नाही.

आता थोडे आपल्याच लोकांशी. कार्यालयाने सील दिले नाही हे खरे, पण मिळालेले सील आपण कसे वागवतो? सूट धुऊन कॉम्प्रेसरच्या खोलीत टांगला जातो, कारण तिथे खुंटी असते. विजेच्या मोटारीजवळ ओझोन तयार होतो आणि लॅटेक्सला त्याच्याइतका वाईट शत्रू नाही. बार्जच्या डेकवर भर उन्हात वाळत घातलेला सूट, डिझेलच्या डब्याशेजारी गुंडाळून ठेवलेला सूट, मधोमध घडी घातलेली पितळी झिप हे सगळे आपलेच काम आहे. सील चढवताना सुवासिक टाल्कम वापरू नका, बिनवासाची शुद्ध टाल्क वापरा. सिलिकॉनचा फवारा तर सीलजवळ आणूच नका. एकदा सिलिकॉन लागले की पुढचे लॅटेक्स सील त्या जागी चिकटत नाही. ग्लव्ह रिंग वापरणाऱ्यांनी हवा जावी म्हणून रिस्ट सीलखाली दोरी किंवा नळी घालण्याची थंड पाण्यातली युक्ती इथे करू नये. हातमोजा फाटला तर रिस्ट सील हाच शेवटचा बांध असतो.

आणि पावसाळ्यात उघड्या शेडमध्ये सील चिकटवू नका. गोंदातला सॉल्व्हंट उडताना थर गार पडतो, दमट हवेतले पाणी त्यावर धरते, आणि वरून पक्का दिसणारा सांधा आतून पोकळ राहतो. असे सील जागेवर ओढून पाहिले तर टिकते आणि पाण्यात सुटते. एसी असलेली बंद खोली मिळवा, पृष्ठभाग घासून-पुसून घ्या, पहिला थर पूर्ण वाळू द्या, चिकटवल्यावर गोंदाच्या डब्यावर लिहिलेला वेळ पाळा. सकाळी चिकटवून दुपारी उतरायचे ही घाई बंद झाली पाहिजे.

आमच्या मागण्या चार आहेत, आणि त्या एका सहीने मान्य होण्यासारख्या आहेत. सील, ग्लव्ह, व्हॉल्व्हचे डायाफ्राम आणि झिप हे भाग सूटच्या ‘एक नगा’तून वेगळे काढून उपभोग्य वस्तू म्हणून दरसूचीत घ्या. सूट डायव्हरच्या नावावर द्या. सूट सामायिक ठेवणे भागच असेल तर निदान रिंगवर बदलता येणारी सील प्रत्येकाला स्वतःची द्या. गळती तपासायला लागणारा वेळ कामाच्या तासांत धरा आणि त्याचे पैसे द्या. आणि डाइव्ह लॉगमध्ये ‘सूट कोरडा की ओला, ओल कुठे’ हा रकाना घाला, त्यावर डायव्हर आणि सुपरवायझर दोघांची सही असू द्या. निविदेत ईएन १४२२५-२ चा उल्लेख करून जबाबदारी संपत नाही. ते मानक सूट कसा बनलेला असावा हे सांगते; त्याची देखभाल कामदात्यालाच करावी लागते.

परिपत्रक काढणाऱ्या अधिकाऱ्यांनी एकदा धक्क्यावर यावे, अंबिलिकल धरणाऱ्या टेंडरच्या शेजारी उभे राहावे आणि वर आलेल्या डायव्हरचे बूट उलटे करून पाहावेत. त्यानंतरही ‘सुस्थितीत’ लिहायचे असेल तर खाली स्वतःचे नाव लिहावे.

सुपरवायझर मित्रांनो, कंत्राटदार आणि डायव्हर यांच्यामध्ये तुम्ही उभे आहात. सील सैल आहे असे डायव्हरने सांगितले की त्या दिवशी तो उतरणार नाही, आणि त्याची रोजंदारीही बुडणार नाही, एवढा शब्द तुम्ही दिला तरी निम्मी लढाई जिंकली. आणि डायव्हर बंधूंनो, तक्रार केली तर पुढचे काम मिळणार नाही ही भीती आम्हाला ठाऊक आहे. म्हणून एकेकट्याने तोंडी बोलू नका. या महिन्यापासून प्रत्येक डाइव्हनंतर रकाना असो वा नसो, लॉगच्या मार्जिनमध्ये ओल कुठे होती ते तारखेसह लिहा आणि त्या पानाची प्रत आमच्याकडे पाठवा. कोणाचेही नाव, कोणत्याही साइटचे नाव बाहेर जाणार नाही. पाने पुरेशी जमली की दरसूची ठरवणाऱ्यांच्या टेबलावर आम्ही ती स्वतः नेऊन ठेवू. सुरुवात उद्याच्या डाइव्हपासून करा.