तंटा मिटवावा, घर राखावे

१४ सप्टेंबर २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळून मध्यस्थीचा कायदा देशाच्या कायदेपुस्तकात दाखल झाला. त्यात ‘सामुदायिक मध्यस्थी’ या विषयाचे एक लहानसे प्रकरण आहे. एखाद्या वस्तीतील रहिवाशांत वा कुटुंबांत शांतता व सलोखा बिघडेल असा तंटा उत्पन्न झाला, तर उभय पक्षांच्या पूर्वसंमतीने तीन मध्यस्थांच्या मंडळापुढे तो मिटवावा, असे या प्रकरणाचे सार आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारने कायद्याची काही कलमे अंमलात आणली. परंतु त्या पहिल्या यादीत या प्रकरणाचा समावेश नव्हता. व्यापारी कज्ज्यांच्या मध्यस्थीची चर्चा आमच्या वकीलबंधूंत जितक्या हौसेने होते, तितक्या हौसेने या प्रकरणाची होत नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. ज्यांच्या उपयोगी ते पडावयाचे, ती माणसे दोन खोल्यांच्या घरात राहतात व त्यांच्या कज्ज्यांत मोठी फी नसते. तथापि या कायद्याची खरी कसोटी याच प्रकरणावर लागणार आहे असे आमचे मत असून, ते कारणांसह वाचकांपुढे मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

२०११ च्या खानेसुमारीत सबंध देशात सुमारे १७ लाख ७० हजार माणसे व एकट्या महाराष्ट्रात दोन लाखांवर माणसे बेघर आढळली. ही गणना पदपथावर, पुलाखाली वा स्टेशनाच्या आवारात झोपणाऱ्यांची होय. वाटणीनंतर भावाच्या ओसरीवर दिवस काढणारी विधवा, सासरहून बाहेर पडून मावशीच्या घरी मुलांसह राहणारी सून, किंवा सहा महिने एका मुलाकडे व सहा महिने दुसऱ्याकडे फिरविला जाणारा म्हातारा बाप, ही माणसे कोणत्याच गणनेत येत नाहीत. पूर, आग वा पाडकाम यांनी घर जाते तेव्हा ते सर्वांस दिसते. घरातल्या तंट्याने घर जाते तेव्हा ते हळूहळू जाते, आणि म्हणूनच कोणाच्या ध्यानात येत नाही. ‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही.

येथे कोणी म्हणेल की, तंटा असेल तर कोर्टे आहेत; मध्यस्थाचे काय काम? त्यास आमचे उत्तर असे की, ‘घर कोणाचे?’ या प्रश्नाचा निकाल कोर्ट देऊ शकते. ‘या घरात कोणी कसे राहावे?’ या प्रश्नाचा निकाल देणे हे त्याचे कामच नव्हे. समजा, बापाने स्वकष्टाने घेतलेले दोन खोल्यांचे घर आहे. बाप मृत्युपत्र न करता वारला. मागे पत्नी, दोन पुत्र व एक कन्या. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे चौघांचे समान चार हिस्से झाले. पैकी दोघांनी वाटणीचा दावा लावला. दोन खोल्यांचे चार भाग सोयीने पडत नाहीत. तेव्हा निम्म्या वा अधिक हिश्शाच्या मालकांनी मागणी केल्यास घर विकून पैसा वाटण्याचा हुकूम करण्याची मुभा १८९३ च्या वाटणी कायद्याने कोर्टास दिली आहे. घराचे २४ लाख आले, प्रत्येकास ६ लाख मिळाले. न्याय झाला यात संशय नाही. परंतु ६ लाखांत त्याच गावी दुसरे घर मिळेलच असे नाही. चौघांचा हक्क शाबूत राहिला आणि घर मात्र एकाचेही उरले नाही!

हीच चार माणसे दावा लागण्यापूर्वी एका समंजस मध्यस्थापुढे बसली असती, तर काय होऊ शकले असते? आईस तहहयात राहण्याचा हक्क. घरात राहणाऱ्या भावाने इतरांचे हिस्से ठरल्या किमतीने पाच-सात वर्षांच्या हप्त्यांनी फेडावे. हप्ते चुकल्यास काय करावे तेही आधीच लिहून ठेवावे. आणि बहिणीस अडीअडचणीत माहेरी राहता यावे म्हणून एक खोली राखावी. इतर हिस्सेदारांचे हिस्से विकत घेण्याची सवलत त्या जुन्या कायद्यातही आहे. पण हप्ते, आईची खोली, बहिणीचे येणेजाणे या गोष्टी उभय पक्षांच्या संमतीवाचून हुकूमनाम्यात येत नाहीत. कुटुंबातील व्यवस्थापत्राकडे कोर्टांनी सहानुभूतीने पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ सालीच सांगितले आहे. वाटणीचे, शेजाऱ्यांचे, आणि घरमालक-भाडेकरूंचे तंटे सलोख्याने मिटविण्यास योग्य होत, असेही त्याच न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले. म्हणजे कायद्याची वाट मोकळी आहे. त्या वाटेवर लोकांस नेणारा माणूस तेवढा नाही.

दुसरा प्रकार वृद्ध मातापित्यांचा. २००७ च्या कायद्याने त्यांच्यासाठी न्यायाधिकरणे स्थापन झाली. सांभाळ करण्याच्या अटीवर मुलास दिलेले घर, ती अट मोडल्यास परत मिळविता येते. आणि सुनावणीपूर्वी प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे पाठवून महिन्याच्या आत समेट होतो का हे पाहण्याची तरतूदही त्यात आहे. हा कायदा हवाच होता. परंतु म्हाताऱ्यांनी मुलास घराबाहेर काढण्याचा हुकूम मागितला की त्या मुलाबरोबर सून व नातवंडे यांचेही छप्पर जाते. आणि सुनेस तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने राहत्या घरात राहण्याचा हक्क दिलेला आहे. बंगळूरच्या अशाच एका प्रकरणात डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, वृद्धांच्या संरक्षणासाठी निष्कासनाचा हुकूम करता येतो, पण त्यायोगे सुनेचा निवासाचा हक्क सरसकट बुडविता येणार नाही. दोन्ही कायद्यांचा मेळ घातला पाहिजे. निकाल योग्यच आहे. परंतु मेळ घालणे म्हणजे प्रत्यक्षात काय? स्वयंपाक वेगळा कोणी करावा, भाड्याने वेगळी खोली घेतल्यास तिचा खर्च कोणी सोसावा, नातवाची शाळा सुटणार नाही हे कसे पाहावे, हेच ना? हे प्रश्न दिल्लीस सुटावयाचे नाहीत. ते गल्लीतच सोडविले पाहिजेत.

तिसरा प्रकार भाडेकरूचा. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याप्रमाणे भाडे थकल्यास मालकाने लेखी मागणी करून ९० दिवस थांबल्यावाचून ताब्याचा दावा लावता येत नाही. हे ९० दिवस आज बहुधा एकमेकांस वकिलाच्या नोटिसा पाठविण्यात जातात. नोकरी गेलेला भाडेकरू व त्या भाड्यावरच पोट असलेली म्हातारी घरमालकीण यांस त्या मुदतीत समोरासमोर बसविले, तर हप्ते ठरण्याचा संभव किती तरी अधिक. परवाना करारावर राहणाऱ्यास तर तेवढीही मुदत नसते. करार संपला की सक्षम अधिकाऱ्यापुढे ताबा देण्याची पाळी येते. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने २०२० पासून असा दंडक घातला की, घरमालकाने ताब्याचा दावा लावण्यापूर्वी भाडेकरूशी मध्यस्थीचा प्रयत्न करावा. आणि तेथे भाडेकरूच्या मदतीस गृहविषयक सल्लागारही दिला जातो. परदेशाचे सर्वच आम्ही उचलावे असे नाही. पण सल्ला देणारा माणूस दुबळ्या पक्षाच्या बाजूस आधी उभा करावा आणि मग वाटाघाटीस बसावे, ही त्यातली गोष्ट घेण्याजोगी खास आहे.

मध्यस्थीची ही कल्पना आमच्या प्रांतास नवी नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगे उसळले. शेतकऱ्याची जमीन व घर कोर्टाच्या हुकूमनाम्याने सावकाराच्या घशात जात होते, हे त्या दंग्यांचे मूळ. त्यानंतर पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी १८७९ चा दख्खनचा शेतकरी कायदा झाला. त्यात सलोखा करविणारे अधिकारी नेमून, शेतकऱ्याचा दावा कोर्टात जाण्यापूर्वी त्यांच्यापुढे समेटाचा प्रयत्न झाल्याचा दाखला आवश्यक केला होता. न्यायमूर्ती रानड्यांनी याच कायद्याखाली खास न्यायाधीशाचे काम केले. पुण्यास सार्वजनिक सभेच्या मंडळींनी लवाद कोर्ट चालविले तेही त्याच काळात. परक्या सरकारच्या कोर्टाची पायरी चढण्यापूर्वी आपला तंटा आपण मिटवावा, ही त्या पिढीची धडपड होती. स्वराज्यात तर तिचे महत्त्व वाढले पाहिजे; कारण आपले तंटे आपल्या बुद्धीने व न्यायाने मिटविता येणे हे स्वराज्याची लायकी अंगी असल्याचे पहिले लक्षण होय.

परंतु येथेच एक धोक्याची सूचना दिल्यावाचून आमच्याने राहवत नाही. मध्यस्थीच्या नावाखाली जातपंचायतीचे पुनरुज्जीवन होणार असेल, तर ती मध्यस्थी आम्हांस नको. पंचांनी दंड करावा, न ऐकणाऱ्यास वाळीत टाकावे, आणि त्यास ‘समाजाचा निर्णय’ म्हणावे, हा प्रकार महाराष्ट्राने पुष्कळ पाहिला. तो बंद करण्यासाठी २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेचा हेतू निःसंशय चांगला होता. परंतु गावास रोख पारितोषिक मिळावयाचे असले म्हणजे तंटा कसा मिटला यापेक्षा तो कागदोपत्री मिटला की नाही याकडेच लक्ष जाण्याचे भय असते. दबलेला तंटा हा मिटलेला तंटा नव्हे.

त्याहून सूक्ष्म अन्याय हक्कसोडपत्राचा. ‘भावाशी वैर कशाला? माहेर तुटेल,’ असे चार वडीलधाऱ्यांनी सांगावे आणि बहिणीने दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सही करावी, यास आपल्याकडे समेट म्हणतात! महाराष्ट्राने १९९४ साली व संसदेने २००५ साली कन्येस वडिलोपार्जित मिळकतीत पुत्राइतका हक्क दिला. राहत्या घराची वाटणी मागण्यास तिला असलेली जुनी आडकाठीही २००५ च्या दुरुस्तीनेच निघाली. कायद्याने दिलेला हा हक्क सलोख्याच्या गोड शब्दांनी काढून घेणारा मध्यस्थ हा मध्यस्थ नसून भावाचा वकील होय, आणि तोही फी न घेणारा म्हणून अधिक धोक्याचा. उद्या हीच बहीण विधवा झाली वा नवऱ्याने टाकली, तर तिला जावयास जागा कोठे? एका कुटुंबाचे घर राखताना दुसरे बेघर करणे यास आम्ही मध्यस्थी म्हणणार नाही. तसेच जेथे मारहाण आहे, तेथे सुनेस ‘जुळवून घे’ असे सांगण्याचा अधिकार कोणत्याही पंचास नाही. तेथे प्रथम संरक्षण, आणि तिची स्वतःची इच्छा असेल तरच पुढील बोलणे.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या व स्पष्ट आहेत. पहिली ही की, सामुदायिक मध्यस्थीचे प्रकरण नुसते पुस्तकात न ठेवता महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्यात व शहरांच्या प्रत्येक प्रभागात त्यातील मंडळे प्रत्यक्ष उभी करावीत. त्यांतील मध्यस्थ शिकविलेले असावेत. तिघांपैकी निदान एक स्त्री असावी. आणि तिघेही एकाच जातीचे वा एकाच पक्षाचे कधीही नसावेत.

दुसरी मागणी अंमलबजावणीची. या प्रकरणाखाली झालेला समेट दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अंमलात आणता येणार नाही, असे कायदाच म्हणतो. गटाराच्या पाण्यावरून झालेल्या शेजाऱ्यांच्या भांडणास हे चालेल. आईच्या तहहयात निवासास चालणार नाही. यास उपाय मात्र हाताशी आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे, अजून कोर्टात न गेलेले प्रकरणही लोकअदालतीपुढे नेता येते, आणि तेथील निवाड्यास हुकूमनाम्याचे बळ असते. तेव्हा निवासाविषयीचा प्रत्येक समेट लोकअदालतीपुढे नेऊन पक्का करून घेण्याचा प्रघात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांनी पाडावा.

तिसरी मागणी ही की, सही करण्यापूर्वी दुबळ्या पक्षास स्वतंत्र सल्ला मिळावा. त्याच १९८७ च्या कायद्याने प्रत्येक स्त्रीस, तिचे उत्पन्न न पाहता, मोफत विधी साहाय्याचा हक्क दिलेला आहे. ‘हा माझा हिस्सा, एवढी याची किंमत, आणि हे मी समजून सोडीत अथवा ठेवीत आहे,’ असे तिच्या तोंडून वदवून घेतल्यावाचून तिची सही घेऊ नये. इतके केले तर हक्कसोडपत्रांची संख्या आपोआप घटेल असा आमचा अंदाज आहे.

या कामी आमच्या वकीलबंधूंची जबाबदारी मोठी आहे. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे लोक म्हणतात, त्यात धंद्याची थोडी निंदाच आहे. पक्षकार पहिल्याने दारी येतो तेव्हा त्यास दाव्याचा मसुदा दाखविण्याऐवजी, ‘दावा जिंकल्यावर तुमची आई कोठे राहील?’ एवढा एकच प्रश्न वकिलाने विचारला, तर कित्येक घरे वाचतील. फी थोडी बुडेल. परंतु ज्या धंद्याने रानड्यांसारखी माणसे या प्रांतास दिली, त्याची अब्रू त्याने वाढेल. सरकार आपले काम कधी करील ते करो; हा प्रश्न विचारण्यास कोणत्याही सरकारी हुकुमाची गरज नाही.