करमाळ्याची बोली बर्लिनला चालते

‘सैराट’ महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांत लागला एप्रिल २०१६ च्या अखेरीस. त्याआधी दोनेक महिने तो बर्लिन महोत्सवात, किशोरवयीन प्रेक्षकांसाठीच्या विभागात दाखवला गेला होता. त्या जर्मन मुलांसाठी दिग्दर्शक नागराज मंजुळेंनी करमाळ्याची बोली सौम्य केली नव्हती. नायिका आर्ची इथे जशी बोलते तशीच तिथे बोलली. खाली सबटायटलं होती, एवढंच.

कन्नड प्रेक्षकासाठी मात्र पुढच्या वर्षी ‘मनसु मल्लिगे’ तयार झाला. नायिका तीच, रिंकू राजगुरू. भाषा बदललेली, कथा पुन्हा चित्रित केलेली. बर्लिनला मूळ चित्रपट पचेल, शेजारच्या राज्याला रिमेकच लागेल, असा हा हिशेब. तो चुकीचा आहे.

सोलापूर-हैदराबाद महामार्ग बिदर जिल्ह्यातल्या हुमनाबादवरून जातो. करमाळ्यातून पळालेली आर्ची आणि तिचा प्रियकर परश्या ज्या हैदराबादेत जाऊन राहतात, ते शहर याच रस्त्याच्या टोकाला आहे. बिदर जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. राज्यपुनर्रचनेत उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्याकडे, म्हणजे आजच्या महाराष्ट्राकडे आले; जहीराबाद आंध्रकडे गेलं; बिदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. कन्नड, मराठी, दखनी आणि तेलुगू एकाच बाजारात ऐकू येणाऱ्या या पट्ट्यातल्या माणसाला परक्या भाषेतला चित्रपट झेपणार नाही, असं मानणं म्हणजे त्याला ओळखलंच नाही.

परदेशी प्रेक्षकाला भारतीय सिनेमा कसा सापडला, याचा इतिहासही हेच सांगतो. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३७ मध्ये व्हेनिसला दाखवला गेला आणि तिथे त्याची खास दखल घेतली गेली. दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी तो वारी, देहू, विठ्ठल ठाऊक असलेल्यांसाठी बनवला होता. मुंबईत तो वर्षभराहून अधिक चालला. इटलीतल्या प्रेक्षकाला वारकरी परंपरेची ओळख असण्याचं कारणच नव्हतं. तरी विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम त्याला भिडला, कारण तिथल्या कोणासाठी तो बदललेला नव्हता.

त्याच व्हेनिसमध्ये २०२४ साली गिरीश कासरवल्लींचा ‘घटश्राद्ध’ पुन्हा झळकला. १९७७ चा हा कृष्णधवल कन्नड चित्रपट. वेदपाठशाळेतला एक लहान मुलगा आणि यमुना ही विधवा, यांची गोष्ट. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने परदेशी संस्थांच्या साथीने त्याची प्रत नव्याने दुरुस्त केली. कासरवल्ली शिकले पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये. २०२४ सालीच कान महोत्सवात विद्यार्थी-चित्रपटांचं पहिलं पारितोषिक मिळवणारा चिदानंद नाईक यांचा कन्नड लघुपटही याच संस्थेतला. पुण्यात घडलेल्या दिग्दर्शकांचा कन्नड सिनेमा युरोप आवडीने पाहतो, आणि पुणेकर रसिकाला तो मराठी सबटायटलांसह सहज मिळत नाही, याची खंत वाटायला हवी.

पायल कपाडियांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला २०२४ मध्येच कानचं ग्राँ प्री मिळालं. मल्याळी परिचारिका, रत्नागिरीकडची पार्वती, मुंबईची हिंदी, सगळं एकाच चित्रपटात. पार्वती झालेल्या छाया कदम म्हणजे ‘सैराट’मध्ये आर्ची-परश्याला हैदराबादेत आसरा देणाऱ्या सुमनअक्काच. कानच्या प्रेक्षकाला चेहरे कळले, एकटेपण कळलं. पण परिचारिका प्रभा मल्याळमवरून हिंदीवर येते तो क्षण सबटायटलच्या ओळीत सपाट होतो. चार भाषांत वावरणाऱ्या बिदरच्या माणसाचा कान तिथेच टवकारेल. परदेशी समीक्षकाला जे समजावून घ्यावं लागतं, ते त्याच्या रोजच्या जगण्यात आहे. असा प्रेक्षक आपल्या हिशेबात नसावा, हे फार मोठं नुकसान आहे.

महाराष्ट्र सरकार कानच्या चित्रपट बाजारात मराठी चित्रपट पाठवतं. चांगलंच आहे, पाठवत राहावं. पण ज्या मराठी चित्रपटांना सरकारी अनुदान मिळतं, त्यांना इंग्रजीबरोबर कन्नड आणि तेलुगू सबटायटलांचीही अट घालावी. चित्रपट बनवण्याच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे. आणि कर्नाटकच्या चित्रपट अकादमीशी बोलून बिदर, कलबुर्गी, सोलापूर, लातूर इथे दोन्ही भाषांतले मूळ चित्रपट सबटायटलांसह दाखवावेत. सुरुवात ‘घटश्राद्ध’च्या नव्या प्रतीपासून करता येईल.